तोफगोळा गावात घडे, काडतूस कारखान्यात

१/ अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा उभ्या आहेत. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव कोरलेले आहे. अशा तोफांचा गोळा आणि नंतरच्या पिस्तुलाचे काडतूस यांत केवळ आकाराचा फरक नाही. तो सत्तेचाही आहे.

२/ जुन्या तोफेचा गोळा नळीपेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवीत. फटीतून वायू निसटे, नेम ढळे. पण थोडा ओबडधोबड गोळाही खपून जाई. लोखंड नसेल, तर पाथरवट दगडाचा गोळा घडवी.

३/ एकोणिसाव्या शतकात पितळी काडतूस आले. बार उडताच त्याची पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि वायूची वाट अडवते. फट बुजली; तिच्याबरोबर ढिलाईची सवलतही संपली.

४/ १८९६ च्या माउझर पिस्तुलाची ७.६३ मिलिमीटरची पुंगळी बाटलीसारखी असते: रुंद धड, उतरता खांदा, अरुंद मान. उडालेली पुंगळी पुन्हा भरायची, तर पोलादी साच्यात दाबून हे तिन्ही भाग मापावर आणावे लागतात.

५/ वंगण कमी पडले, तर पुंगळी साच्यात अडकते. खांदा फार मागे दाबला गेला, तर पुढच्या बाराला पितळ ताणून फाटू शकते. मान सैल राहिली, तर गोळी पकड धरत नाही. मिलिमीटरच्या अंशांचा हा हिशेब लोहाराच्या भात्यावर जमणारा नव्हता.

६/ आणि मापाचे कारखाने सरकारच्या हाती होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा; परवान्याची सक्ती करणारा शस्त्र कायदा १८७८ चा.

७/ म्हणून क्रांतिकारकांना शस्त्रे बाहेरूनच मिळवावी लागली. १९०९ साली नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलेले ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून धाडलेल्यांपैकी होते.

८/ २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात बंगाली क्रांतिकारकांनी रॉडा कंपनीचा माल पळवला: ५० माउझर पिस्तुले आणि सुमारे ४६,००० काडतुसे. म्हणजे एका पिस्तुलामागे ९०० हून अधिक.

९/ इतिहासात आपण पिस्तुले मोजतो. खरे तर काडतुसे मोजायला हवीत. पिस्तूल वर्षानुवर्षे लपवून ठेवता येते. काडतूस मात्र एकदाच उडते आणि ते पुन्हा उभे करण्याचे साधन परक्या कारखान्यात असते.