मोसे खोरे ते लवासा : एका नावाचा इतिहास

मावळातील खोऱ्यांची नावे नद्यांनी दिलेली आहेत. मुठेचे ते मुठे खोरे, कानंदीचे ते कानद खोरे, गुंजवणीचे ते गुंजण मावळ. मोसे नदीच्या खोऱ्याला शिवकाळात 'मोसे खोरे' म्हणत आणि तेथील देशमुखी पासलकरांकडे होती. स्वराज्याच्या अगदी आरंभीच्या लढायांत धारातीर्थी पडलेले बाजी पासलकर ते याच खोऱ्याचे. नदी, गाव, वतन आणि माणूस यांची ओळख एकाच शब्दात सामावलेली असे.

विसाव्या शतकात मोसे नदीवर वरसगावचे धरण झाले आणि त्याच्या जलाशयाला वीर बाजी पासलकरांचे नाव मिळाले. वीराचा गौरव झाला, परंतु त्याच्या खोऱ्यातील शेतजमीन पाण्याखाली गेली.

तिसरे नाव एकविसाव्या शतकातले. २००१ साली राज्य शासनाने मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यांतील अठरा गावांचा परिसर गिरिस्थान म्हणून अधिसूचित केला. दासवे, मुगाव, धामणओहोळ ही त्यांपैकी काही गावे. येथे उभ्या राहणाऱ्या नगराला एका अमेरिकी सल्लागार संस्थेने 'लवासा' हे नाव घडवून दिले. या शब्दाला ना धातू, ना व्युत्पत्ती; कुठल्याही भाषेचे ऋण नसणे हाच बहुधा त्याचा गुण मानला गेला असावा. जलाशयाकाठी भूमध्य समुद्रावरील पोर्तोफिनोच्या धर्तीवर रंगीत इमारतींची रांग उभी राहिली. निक फाल्डो या इंग्रज खेळाडूच्या आराखड्याचे गोल्फ मैदानही योजिले गेले.

पोर्तोफिनो हे मुळात इटलीच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे गाव. तेथील घरे समुद्रावर जगणाऱ्यांच्या गरजेतून उभी राहिली, श्रीमंत पाहुणे मागाहून आले. दासव्यात मात्र आधी पाहुण्यांची कल्पना केली गेली. भिंतींचे रंग आणता आले. त्या रंगांमागची उपजीविका आणता येणे शक्यच नव्हते. गोल्फच्या हिरवळीचेही तसेच. स्कॉटलंडच्या ओलसर किनाऱ्यावर ती आपसूक वाढते. आपल्याकडे मात्र पावसाळा सरल्यावर तिला आठ महिने पाणी पाजावे लागते.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली, वर्षभराने पहिल्या टप्प्याला सशर्त परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेले.

या इतिहासाकडे केवळ एका कंपनीच्या अपयशाची कथा म्हणून पाहणे सोयीचे आहे. पण ते पुरेसे नाही. शेजारच्याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे ठाकले होते. ती वीज मुंबईसाठी होती. वरसगावचे पाणी आज खडकवासल्यावाटे आम्हा पुणेकरांच्या नळांना येते. जलविद्युत, पिण्याचे पाणी आणि गोल्फची हिरवळ या गरजा सारख्या तोलाच्या नाहीत, हे खरेच. परंतु प्रत्येक वेळी गरज शहराची होती आणि खोरे मावळ्याचे होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी स्थलनामांकडे दस्तऐवज म्हणून पाहावे, असे आम्हांस वाटते ते यासाठीच. 'मोसे' या नावात तेथे राहणाऱ्यांची ओळख आहे, 'बाजी पासलकर' या नावात त्यांचे स्मरण आहे, 'लवासा' या नावात त्यांचा मागमूसही नाही. नामांतराच्या या तीन पायऱ्या वाचता आल्या, तर जमिनीच्या हस्तांतराचा इतिहास वेगळा सांगावा लागत नाही.