वलगणीची जागा

मागच्या शनिवारी फ्लॅट बघायला गेलो होतो. बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला. ब्रोशरवर ठळक अक्षरात 'रिव्हर व्ह्यू'. सेल्सच्या मुलाला विचारलं, "पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?" तो गोड हसून म्हणाला, "सर, प्लिंथ उंच घेतलीय." आमच्या हापिसात टेस्टिंगवाल्यांना आम्ही "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतो ना, त्याच सुरात!

तिथून घरी न जाता गावात गेलो. आपण ज्याला बदलापूर म्हणतो तो स्टेशनभोवतीचा भाग खरं तर कुळगाव. म्हणून तर नगरपरिषदेचं नाव 'कुळगाव-बदलापूर'. मूळ बदलापूर गाव स्टेशनच्या पश्चिमेला, नदीकडे. तिथे शाळेतल्या मित्राचे आजोबा राहतात. आगरी कुटुंब, आयुष्य भातशेतीत गेलेलं. त्यांना ब्रोशरवरचा नकाशा दाखवला. चष्मा वर-खाली करत त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "अरं, ही तं आमची वलगणीची जागा!"

वलगण माहीत नसेल तर सांगतो. मृगाचा पाऊस कोसळला, नदी गढूळ होऊन फुगली की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे चढतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भातखाचरात. शिवडे, मळे, शिंगट्या. त्या एक-दोन रात्री सगळं गाव कंदील, पाग नि टोपल्या घेऊन पाण्यात. आपली जमीन, त्याची जमीन असा हिशेब त्या रात्रीपुरता नाही. ज्याच्या घरचं कुणी आलं नाही त्याच्याकडे वाटा जायचा. मग दोन दिवस गावभर कालवणाचा वास!

गावाचं वर्षच नदीशी बांधलेलं. उन्हाळ्यात राब भाजायचा, पावसात आवण लावायचं, गौरी-गणपती नदीत पोचवायचे, पाणी उतरलं की ओलाव्यावर वाल टाकायचे. आजोबांनी एक पायरी दाखवली. "या पायरीला पानी लागला का गुरांची दावी सोराची." म्हणजे गुरं बांधलेली बुडू नयेत, आपली आपण उंचावर जावीत. झाली की अलर्ट सिस्टीम!

आता मुद्द्याचं. मासा भातखाचरात कधी शिरतो? नदीचं पाणी तिथवर पसरतं तेव्हाच. म्हणजे वलगणीची जागा ही नदीची पसरायची जागा. सरकारी भाषेत पूररेषेच्या आतली. जलसंपदा खातं दोन रेषा आखतं. 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. गावाने हीच रेषा कागदाशिवाय, माशांच्या हिशेबाने पाठ केली होती.

आणि ही नदी साधी नाही. राजमाचीच्या डोंगरात उगम, वसईच्या खाडीपर्यंत सगळी मिळून सुमारे 122 किलोमीटर. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांत कर्जत, नेरळ करत बदलापूरच्या सपाटीवर येतो. खाली कल्याणला खाडी, तिथे भरती असली की पाणी लवकर उतरतही नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा इथेही हाहाकार झाला. 2019 च्या जुलैत बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं आणि आसपासच्या गावांतले लोकही धावले. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या पार्किंगमध्ये माझी बाईक हँडलपर्यंत बुडाली होती.

कल्याणहून पळसदरीपर्यंतची रेल्वे 1856 ची. म्हणजे गाडी येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली, पण गाव खऱ्या अर्थाने पालटलं ते अलीकडे. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण 98 हजार, 2011 मध्ये 1 लाख 74 हजार. त्या वाढलेल्यांत आम्हीही आलो, तेव्हा बोट दुसऱ्याकडे दाखवायला जागा नाही. आम्हाला लोकलचं टाइमटेबल तोंडपाठ, नदीचं मात्र नाही.

शेजारी वेगळं चित्र नाही. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982 चं, म्हणजे इसवी सन 1060 चं. शिलाहारांनी ते वालधुनी नदीच्या काठी बांधलं. आज त्या वालधुनीला येणारा-जाणारा नाला म्हणतो. उल्हासनगरचं तर नावच नदीचं. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना इथल्या लष्करी छावण्यांत आणलं आणि 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी शहराची कोनशिला बसवली. सिंधूकाठ सुटलेली ही माणसं. त्यांचा झुलेलाल पाण्याचा देव, माशावर बसलेला. चेटीचंडला ते आजही दिवे पाण्यात सोडतात. नदी सुटली तरी तिची आठवण त्यांनी जपली. आणि आपण काठावर राहून विसरलो!

प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक जुना माणूस असतो. कोडमधली एखादी विचित्र ओळ का आहे, ते फक्त त्यालाच ठाऊक. तो गेल्यावर कुणीतरी हुशार पोरगा ती ओळ उडवतो आणि सहा महिन्यांनी सगळं कोसळतं. आजोबांची मुलं नोकरीला लागली, खाचरं विकली गेली. वलगणीला कुणी जात नाही, कारण मासा चढेल असं खाचर उरलेलं नाही. ही नुसती एक मजा संपली असं मला वाटत होतं. पण त्याबरोबर पाणी कुठवर येतं हे सांगणारी माणसंही संपत चाललीत.

तर आता टू-डू लिस्ट. पालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा बघायचा. टोकन द्यायच्या आधी एक पावसाळा थांबायचं. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आजोबांना बाईकवर मागे बसवून त्या प्लॉटवर न्यायचं, ते तयार आहेत. बायको म्हणते, तोवर रेट वाढेल. वाढू दे.