अंगठ्याची मोजणी

जपाला बसलेली आजी अंगठ्याने बोटांची पेरे मोजते, हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. मानवी हाताचे मर्म त्या साध्या हालचालीत आहे. अंगठ्याच्या मुळाशी खोगिराच्या घडणीचा एक सांधा असतो. त्याच्यामुळे अंगठा नुसता वाकत नाही, तर फिरून इतर बोटांच्या समोर येतो. लेखणी धरणे, सदऱ्याची गुंडी लावणे, भाकरीचा तुकडा मोडणे, ही सारी कामे त्यावरच चालतात.

स्कॉटिश शल्यवैद्य चार्ल्स बेल याने १८३३ साली हातावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु वर्णन करणे निराळे आणि मोजणे निराळे. गुडघा किती वाकतो हे कोनमापक अंशांत सांगतो. अंगठ्याची ही हालचाल मात्र अनेक सांध्यांत एकदम होते. ती एका कोनात मावत नाही.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हता. १९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने लुळे पडलेले हात पुन्हा कामास लावण्याचा उद्योग आरंभिला. शाबूत स्नायूची कंडरा वळवून, निपचित पडलेला अंगठा बोटांसमोर आणता येऊ लागला. पण तो किती आला, हे सांगावे कसे?

१९८६ साली फ्रेंच शल्यवैद्य कापांजी यांनी रुग्णाच्या हातालाच मोजपट्टी केले. अंगठा तर्जनीच्या टोकास लागला तर ३ गुण, मधल्या बोटास ४, अनामिकेस ५, करंगळीस ६. पुढे करंगळीच्या रेषांवरून उतरत तिच्या मुळाशी ९ आणि तळहातावरील रेषेस १०. यंत्र नको, खर्च नको. अट एकच : अंगठ्याने कमान करून जावे, तळहातावरून सरपटत गेल्यास ते गुण खरे नव्हेत.

तरीही दहा गुण मिळाले म्हणजे हात बरा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. या मोजणीत जोर कळत नाही, स्पर्शही कळत नाही. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती बहुतांशी न जाणवलेल्या जखमांनी व चटक्यांनी, हे ब्रँड यांनीच दाखविले होते. म्हणून अंगठा कोठवर पोहोचला हे मोजावे, आणि मग त्या माणसास विचारावे : “बाबा रे, गरम भांडे हाताला कळते का?”