दोन डोळ्यांमधलं अंतर

एक साधा प्रयोग करून पाहा. एक डोळा मिटा आणि सुईत दोरा ओवा. दोरा कधी सुईच्या अलीकडून जाईल, कधी पलीकडून. नेढं दिसतं, दोराही दिसतो, पण कोणता पुढे आणि कोणता मागे हे चटकन उमगत नाही. दुसरा डोळा उघडला की काम सोपं होतं.

आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण अडीच इंचांचं अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू थोडी वेगवेगळी दिसते. ही दोन सपाट चित्रं मेंदू एकत्र करतो आणि त्यातून खोलीची जाणीव होते. त्रिमिती सिनेमाचं सारं कसब या अडीच इंचांवर उभं आहे. या सिनेमाचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे, आणि तो आमच्या डहाणू-तलासरीकडून पाहताना कसा दिसतो, तेही.

दिसणं म्हणजे काय, या प्रश्नाचा माग फार जुना आहे. अकराव्या शतकात बसऱ्याचा विद्वान इब्न अल-हैसम कैरोत राहत होता. डोळ्यांतून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला स्पर्श करतात, असं त्या काळी पुष्कळ जण मानत. वस्तूवरून आलेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून ती दिसते, हे त्याने प्रयोगांनी दाखवलं. दोन डोळे असूनही वस्तू एकच का दिसते, याचाही विचार त्याने केला. पुढे १८३८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी दोन आरशांचं एक यंत्र मांडलं. एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रं प्रत्येक डोळ्याला स्वतंत्रपणे दाखवली, की कागदावरची वस्तू भरीव भासते, हे त्यातून सिद्ध झालं. म्हणजे त्रिमितीचं मूळ तत्त्व सिनेमाच्याही आधीचं आहे.

आपल्याकडे पडद्यावरच्या मायेची सुरुवात कल्याणात झाली. कल्याण तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि डहाणूही त्याच जिल्ह्यात. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. शंबरासुर हा मायावी राक्षस, म्हणून शांबरिक म्हणजे मायेची. आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचेच्या पट्ट्यांवर हाताने बारीक चित्रं रंगवायची, एकाहून अधिक दिव्यांच्या साहाय्याने ती पडद्यावर टाकायची आणि भराभर बदलत हालचालीचा भास निर्माण करायचा. जोडीला निवेदन आणि संगीत. पुराणातली गोष्ट ऐकणाऱ्या लोकांना ती प्रथमच डोळ्यांसमोर घडताना दिसली.

चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. जाहिरातीत त्याला शतकातला चमत्कार म्हटलं होतं. दाखवलेल्या सहा छोट्या फितींपैकी एकीत आगगाडी स्टेशनात येते. ती पाहून पॅरिसमधले प्रेक्षक घाबरून पळाले, अशी गोष्ट सांगतात. अभ्यासक आता तिला दंतकथा मानतात. पण तिच्या पुढचा भाग खरा आहे. लुई ल्युमिएर यांचं त्या गाडीने समाधान झालं नसावं. १९३०च्या दशकात, सत्तरीच्या घरात असताना, त्यांनी गाडी येण्याचं तेच दृश्य पुन्हा चित्रित केलं, या वेळी त्रिमितीत. सिनेमा जन्मला तेव्हापासूनच त्याला पडद्याबाहेर यायचं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

दादासाहेब फाळक्यांची कहाणी आपल्याला पाठ आहे. १९१०च्या नाताळात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. मधल्या काळात सतत चित्रपट पाहून त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण आला, की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, म्हणून भारतीय सिनेमा आला. आपल्या चित्रपटसृष्टीच्या पायाशी अशी दुखऱ्या डोळ्यांची हकिगत आहे.

फाळक्यांचा हा वारसा आमच्यापर्यंत आला तो तंबूतून. डहाणूजवळच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस चालते. माझ्या लहानपणी अशा यात्रा-जत्रांच्या दिवसांत तंबूतला सिनेमा असायचा. वारा सुटला की पडदा फुगायचा आणि नायकाचा चेहरा गालापाशी उगाच पुढे यायचा. आम्हां पोरांची पहिली त्रिमिती तीच. तंबूच्या मागल्या बाजूला बसलेल्यांना सगळं उलटं दिसे, नायक डावखुरा वाटे. पण तिकडच्या जागेलाही गर्दी असे.

जगात त्रिमिती सिनेमाची पहिली मोठी लाट १९५२-५३ साली आली. अमेरिकेत घरोघरी टेलिव्हिजन पोचला होता आणि थिएटरं ओस पडू लागली होती. प्रेक्षकाला घरात मिळत नाही असं काही तरी द्यायला हवं होतं. त्या लाटेतला गाजलेला चित्रपट म्हणजे १९५३ सालचा ‘हाउस ऑफ वॅक्स’. त्याचे दिग्दर्शक आंद्रे द टॉथ यांना एकाच डोळ्याने दिसत होतं. ज्या परिणामासाठी लोक रांगा लावत होते, तो त्यांना स्वतःला कधीच दिसला नाही. तरीही चित्रपट उत्तम वठला. पुढच्या पुष्कळ त्रिमिती चित्रपटांत दर पाच मिनिटांनी प्रेक्षकांच्या अंगावर काही तरी फेकण्याचा सोस दिसतो. द टॉथ यांचा भर गोष्टीवर राहिला.

आपल्या देशातला पहिला त्रिमिती कथापट केरळात झाला. ‘माय डिअर कुट्टिचातन’ हा नवोदय संस्थेचा, जिजो यांनी दिग्दर्शित केलेला मल्याळम चित्रपट २४ ऑगस्ट १९८४ रोजी प्रदर्शित झाला. चष्म्यांमुळे डोळे येतात, अशी आवई तेव्हा उठली. चष्मे निर्जंतुक करूनच देतो, हे सांगणारी छोटी फीत चित्रपटाआधी दाखवावी लागली. हिंदीत १९८५ साली ‘शिवा का इन्साफ’ आला, आणि १९९८ साली कुट्टिचातनच हिंदी बोलत ‘छोटा चेतन’ म्हणून परतला. माझ्या पुतण्यांनी साठवलेली ईदी तेव्हा त्या चष्म्यांवर खर्ची पडली. पडद्यावरून आइस्क्रीमचा कोन पुढे आला तसे त्या अंधारात कितीतरी छोटे हात वर झाले. पुतण्यांचे होतेच. त्यांच्या बाजूला बसलेल्या एका आजोबांचाही हात वर होता.

त्याच सुमारास पडदाही वाढत होता. कॅनडातल्या मंडळींनी घडवलेलं आयमॅक्स तंत्र १९७० साली ओसाका इथल्या जागतिक प्रदर्शनात प्रथम लोकांनी पाहिलं. त्यात रुंद फीत आडवी सरकते, त्यामुळे प्रत्येक चौकट कितीतरी मोठी होते. पडदा एवढा विशाल, की त्याच्या कडा नजरेत येत नाहीत. कडा दिसेनाशा झाल्या, की आपण चित्र पाहतो आहोत याचा विसर पडू लागतो. मुंबईत वडाळ्याला २००१ साली घुमटासारख्या पडद्याचं आयमॅक्स सुरू झालं. मग १८ डिसेंबर २००९ रोजी जेम्स कॅमेरॉन यांचा ‘अवतार’ भारतात लागला, आणि त्रिमिती आणि विशाल पडदा यांची जोडी जमली ती कायमची.

‘अवतार’ची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. दूरच्या एका ग्रहाच्या चंद्रावर जंगलात राहणारे निळ्या कांतीचे लोक, त्यांच्या जमिनीखाली असलेलं मौल्यवान खनिज आणि ते काढायला आलेली यंत्रं. २०१० साली ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या बाजूने कॅमेरॉन यांना जाहीर आवाहन करण्यात आलं, की तुमची काल्पनिक गोष्ट आमच्याकडे खरी आहे. पुढे २०१३ साली तिथल्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

आमच्या भागाचे बोलीत दोन हिस्से आहेत. समुद्राकडची ती बंदरपट्टी आणि डोंगराकडची ती जंगलपट्टी. दोहोंच्या मधून रेल्वे जाते. तलासरी जंगलपट्टीत, गुजरातच्या सीमेला लागून. तिथून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. ‘अवतार’चा दुसरा भाग, ‘द वे ऑफ वॉटर’, १६ डिसेंबर २०२२ रोजी आला, तेव्हा तलासरीकडचे माझे एक स्नेही आणि मी, असे दोघे तो पाहायला मुंबईला गेलो. ते वारली समाजातले निवृत्त शिक्षक; मी त्यांना गुरुजी म्हणतो, ते मला भाई म्हणतात. गुरे राखताना काटा लागून लहानपणीच त्यांचा डावा डोळा गेला. चष्मा लावून काय उपयोग, असं मी विचारलं तर म्हणाले, “लावला नाही तर चित्र दुहेरी दिसतं, भाई. लावला की निदान एक तरी नीट दिसतं.”

तीन तास बारा मिनिटं आम्ही समुद्राच्या तळाशी होतो. माझ्या नाकासमोरून मासे गेले. पाण्यातली धूळसुद्धा वेगळी दिसत होती. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढलेला मी, पण समुद्र आतून असा कधी पाहिला नव्हता. या चित्रपटात तुल्कुन नावाचे महाकाय जलचर आहेत. त्यांच्या मेंदूतला एक द्रव माणसाचं म्हातारपण थांबवतो, म्हणून त्यांची शिकार होते. त्या द्रवाला चित्रपटात नाव दिलंय ‘अमृता’.

परतीच्या डहाणू लोकलमध्ये मी दृश्यांचं कौतुक करत होतो. गुरुजी ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “मला पुढे-मागे काही दिसलं नाही. पण गोष्ट कळली. पहिल्या भागात आमची जंगलपट्टी होती, या भागात तुमची बंदरपट्टी.”

थोड्या वेळाने त्यांनीच आक्षेपही घेतला. पहिल्या भागात बाहेरून आलेला माणूस त्या लोकांचं शरीर धारण करतो आणि त्यांचा पुढारी होतो, हे त्यांना पटलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी वेठबिगारी भोगली होती. २३ मे १९४५ रोजी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या. वारली त्यांना गोदाराणी म्हणत. गुरुजी म्हणाले, “गोदाराणी बाहेरूनच आल्या. पण आमच्यासारखं दिसायची त्यांना गरज पडली नाही. आणि नाही म्हणायचं होतं ते आमच्या माणसांनीच म्हटलं.”

सपाट चित्राशी गुरुजींचं जुनं नातं आहे. लग्नघरात गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, तो पाहत ते मोठे झाले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणली, जगभर पोचवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. वारली चित्रात सावली नसते. दूरचं माणूस दूर आहे म्हणून लहान होत नाही. तारपा वाजवणारा, फेर धरून नाचणारे, शेत, झाड, मुंगी, सगळं एकाच वेळी समोर असतं. तिथे खोली असते ती कोण कोणाशी जोडलेलं आहे यात.

कौतुक माझं खरं होतं आणि गुरुजींचा आक्षेपही खरा होता. एकट्याने पाहिला असता तर मी फक्त दृश्य घेऊन घरी आलो असतो. एकाच गोष्टीच्या दोन वेगळ्या जागांवरून घेतलेल्या प्रतिमा जुळल्या, की खोली दिसते, हा नियम डोळ्यांइतकाच माणसांनाही लागू आहे.

आमच्या भागाला याची गरज आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. वाढवण इथल्या बंदराचा आधीचा प्रस्ताव १९९८ साली डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारला होता. नव्या प्रस्तावाला २०२३ साली त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. प्रकल्प ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचा. जागा निवडली गेली ती किनाऱ्याजवळच मिळणाऱ्या नैसर्गिक खोलीमुळे. बंदर आलं तर पोरांना काम मिळेल, असं एक जण म्हणतो. जाळी टाकायची जागा गेली तर ते काम कुठल्या पोराच्या वाट्याला येईल, असं दुसरा विचारतो. यातला एक डोळा मिटून घेतला तर सुईत दोरा जाणार नाही. आणि निर्णय घेणाऱ्यांना दोन्हींकडे पाहायचा कंटाळा येऊन चालणार नाही.

दुरून डोंगर साजरे, असं आपण म्हणतो. पडद्यावरचे डोंगर आता हाताच्या अंतरावर आले आहेत. ‘अवतार’चा तिसरा भाग १९ डिसेंबर २०२५ रोजी आला. जरूर पाहा, माणसाच्या बुद्धीचा तो थोर आविष्कार आहे. आणि एखाद्या रविवारी चर्चगेटहून डहाणू लोकल पकडा. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास आहे. स्टेशनाच्या एका बाजूला समुद्र आहे, दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचा डोंगर. दोन्हीकडे जाऊन या, आणि तिथल्या माणसांशी बोला.