वाग्भटाचे स्नान, तिबेटचे पाणी

ल्हासा, लेह किंवा भूतानला जाऊन आलेले प्रवासी हल्ली एका गोष्टीचे हमखास वर्णन करतात. लाकडाचे मोठे पिंप, त्यात गळ्यापर्यंत कढत पाणी, पाण्याचा रंग चहासारखा तपकिरी आणि वास धुपासारखा. अर्धा तास त्यात बसायचे, मग घोंगडीत गुरफटून घाम येऊ द्यायचा, आणि नंतर तेल लावून अंग रगडून घ्यायचे. दिवसभर डोंगर चढून आलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? हा सगळा प्रकार हिमालयाच्या कुशीतले काहीतरी गूढ, अनादि ज्ञान आहे असे त्याला सांगितले जाते आणि तो ते मान्यही करतो.

गूढ म्हटले की चौकशी थांबते, ही त्या शब्दाची सोय आहे. प्रत्यक्षात या पिंपातल्या पाण्याचा इतिहास बऱ्यापैकी लिहून ठेवलेला आहे. त्यातली काही पाने संस्कृतात आहेत आणि ती आपल्याकडच्या वैद्यांना पाठ असतात.

तिबेटी वैद्यकाला ‘सोवा रिग्पा’ म्हणतात, म्हणजे बरे करण्याची विद्या. औषधी स्नानाला ‘लुम’ असा शब्द आहे. मात्र लुम म्हणजे केवळ पाण्यात बसणे नव्हे. गरम पाण्याच्या झऱ्यात किंवा वनस्पतींच्या काढ्यात बुडून बसणे हा एक प्रकार. औषधांचा गरम चोथा दुखऱ्या भागावर बांधणे हा दुसरा. काढ्याची वाफ घेणे हा तिसरा. याशिवाय गरम दगड, मीठ वगैरेंनी कोरडा शेक देण्याची पद्धत आहे, पण तिबेटी ग्रंथ तिला स्वतंत्र नाव देतात.

आता वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ उघडा. हा ग्रंथ साधारण सातव्या शतकातला. त्याच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय स्वेदनाचा, म्हणजे घाम काढण्याच्या उपचारांचा आहे. तेथे स्वेदाचे चार प्रकार दिले आहेत : ताप म्हणजे कोरडा शेक, उपनाह म्हणजे गरम लेप बांधणे, ऊष्मा म्हणजे वाफ आणि द्रव म्हणजे गरम काढा अंगावर ओतणे किंवा त्यात बसणे. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर साम्य ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. रिंचेन झांग्पो (९५८–१०५५) हा पश्चिम तिबेटातला मोठा भाषांतरकार. तरुणपणी तो काश्मीरला येऊन शिकला आणि पुढे आयुष्यभर संस्कृत ग्रंथ तिबेटीत नेत राहिला. भारतीय पंडिताच्या मदतीने त्याने ‘अष्टांगहृदय’ तिबेटीत आणला. त्याबरोबर चंद्रनंदनाची ‘पदार्थचंद्रिका’ ही टीकाही तिबेटीत गेली. मूळ तंत्रयुक्त संस्कृत, तीही श्लोकात; शिवाय शेकडो वनस्पतींची नावे, ज्यांतल्या निम्म्या झाडांना तिबेटात जागा नाही. हे भाषांतर करणाऱ्याचे काय हाल झाले असतील याची कल्पना कोणत्याही भाषाशिक्षकाला करता येईल.

बाराव्या शतकात युथोक योंतेन गोंपो (११२६–१२०२) या वैद्याच्या हातून ‘ग्यूशी’, म्हणजे ‘चार तंत्रे’, हा सोवा रिग्पाचा मुख्य ग्रंथ आजच्या रूपात आला. त्यात १५६ अध्याय आहेत. शरीरातले तीन दोष लुंग, त्रिपा आणि पेकेन म्हणजे आपले वात, पित्त आणि कफ. अखेरच्या तंत्रात शेक, औषधी स्नान आणि मर्दन हे ओळीने येतात. पण ग्यूशी म्हणजे वाग्भटाची नक्कल नव्हे. नाडीपरीक्षेचा विस्तार चिनी वैद्यकाशी नाते सांगतो, डाग देण्याची पद्धत वेगळी आहे, आणि लघवीचा रंग, वाफ, फेस पाहून केलेले निदान तर इतके बारकाईचे आहे की त्याला आपल्याकडे तोड नाही.

गंमत अशी, की हा ग्रंथ कोणाचा यावर तिबेटातच शतकानुशतके वाद झाला. ते बुद्धाचे वचन, असे एक पक्ष म्हणे. तो तिबेटी वैद्याने रचलेला ग्रंथ, असे दुसरा. सोळाव्या शतकात झुरखर्वा लोद्रो ग्यालपो या वैद्याने या प्रश्नाची सविस्तर छाननी केली. ग्रंथात चहाचा, तिबेटी अन्नाचा उल्लेख कसा, असे प्रश्न तिबेटी पंडितांनीच विचारले होते. श्रद्धेच्या मुलखात चिकित्सा नव्हती असे आपण फार सहज समजतो.

याच वाग्भटावर तेराव्या शतकात आणखी एक टीका लिहिली गेली. लेखक होता देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, आपला हेमाडपंत. टीकेचे नाव ‘आयुर्वेदरसायन’. महाराष्ट्रातल्या वैद्यांना वाग्भट जवळचा वाटत आला आहे तो असा. म्हणजे एकच पुस्तक एकीकडे गोदावरीच्या खोऱ्यात वाचले जात होते आणि दुसरीकडे समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर.

पण चार हजार मीटरवर झाडे कोठून आणायची? हिरडा, बेहडा, आवळा तिबेटी वैद्यांनी सोडले नाहीत. ते खालून व्यापाऱ्यांकडून येत, आणि चित्रांतल्या भैषज्यबुद्धाच्या हातात तर हिरड्याचीच डहाळी असते. मात्र एका माणसाच्या स्नानाला पाटीभर पाला लागतो. तो याकच्या पाठीवर हिमालय ओलांडून आणणे परवडणारे नव्हते. तेव्हा तिबेटी वैद्यांनी दारातली झुडपे निवडली आणि त्या पाचांना ‘दुत्सी ङा’, पंचामृत, असे भारदस्त नाव दिले.

ही पाच झुडपे अशी. ज्युनिपर, ज्याला लडाखात शुकपा म्हणतात आणि जो धुपातही जळतो. ‘बालू’ नावाचे सुगंधी पानांचे बुटके ऱ्होडोडेंड्रॉन, जे वृक्षरेषेच्याही वर वाढते. इफेड्रा, जिला आपल्याकडची काही पुस्तके सोमलता म्हणतात. नदीकाठच्या वाळवंटात येणारे ‘ओम्बू’, हे आपल्या झाऊच्या कुळातले. आणि पाचवी आर्टेमिसिया, म्हणजे चैत्रात देवाला वाहतो त्या दवण्याचीच भावकी. पाला ठेचून, जवाच्या छांगला लागणारे विरजण घालून तो काही दिवस आंबवतात आणि मग उकळतात. गाळलेले पाणी पिंपात जाते. चोथा फेकत नाहीत, तो बांधायला उपयोगी पडतो. उपचार एका दिवसाचा नसतो, काही दिवस ओळीने चालतो आणि पाण्याची ऊब हळूहळू वाढवतात.

येथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. तिबेटात ‘उकळते’ पाणी किती गरम असते? दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. ल्हासा ३,६५० मीटरवर आहे, म्हणजे तेथे पाणी सुमारे ८८ अंश सेल्सियसला उकळते. ल्हासाच्या वायव्येला सुमारे ९० किलोमीटरवर यांगबाजेन हे गरम झऱ्यांचे मैदान सुमारे ४,३०० मीटरवर आहे; तेथे ८६ अंशांच्या आसपास. तिबेटात असे झरे विपुल, कारण भारतीय भूखंड सुमारे पाच कोटी वर्षांपासून आशियाला रेटतो आहे आणि त्या रेट्याने जाडावलेले, भेगाळलेले कवच खालून तापलेले आहे. यांगबाजेनच्या वाफेवर १९७७ पासून वीज निघू लागली. लडाखात पनामिक, चुमाथांग आणि पुगा येथे असेच झरे आहेत. भूतानमध्ये झरा नसेल तेथे लोक नदीतले गोटे विस्तवात लाल करून लाकडी हौदात सोडतात, पाण्यात दवण्याच्या जातीचा पाला टाकतात, आणि त्याला ‘दोत्शो’ म्हणतात. धातूचे मोठे भांडे नसताना पाणी तापवण्याची याहून सोपी युक्ती नाही.

मालिशीची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. ‘कु-न्ये’ या नावात ‘कु’ म्हणजे तेल चोपडणे आणि ‘न्ये’ म्हणजे रगडणे. तिसरी पायरी नावात येत नाही, ती ‘ची’, म्हणजे पुसणे : जवासारख्या धान्याचे पीठ अंगाला चोळून तेल उतरवणे. दिवाळीच्या पहाटे तेल लावून उटणे चोळून घेतलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल. वाग्भटाने दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, उद्वर्तन आणि स्नान ही तिन्ही सांगितली आहेत; उद्वर्तन म्हणजे उटणे, आणि ते कफ व मेद कमी करते असे त्याचे म्हणणे. तिबेटात तीळ पिकत नाही, म्हणून तेलाच्या जागी बरेचदा लोणी आले. डाळीच्या जागी जव आला. कृती टिकली, जिन्नस बदलले. मालिशीत कधी कधी जायफळाची पुरचुंडी गरम तेलात बुडवून विशिष्ट जागी टेकवतात. तिला ‘होर-मे’, म्हणजे मंगोलांचा विस्तव, म्हणतात. आणि जायफळाला तिबेटी शब्द आहे ‘झाती’, संस्कृत ‘जाती’वरून आलेला.

तिबेटी पंचांगाच्या सातव्या महिन्यात, शरदाच्या तोंडाशी, ल्हासाचे लोक सात दिवस नदीवर स्नानाला जातात. एक तारा उगवला की पाणी औषधी होते, अशी समजूत. हा तारा शुक्र असल्याचे लोकप्रिय लेखांतून सांगितले जाते. मला ते पटत नाही. शुक्राचे चक्र सुमारे ५८४ दिवसांचे, तो दरवर्षी त्याच महिन्यात कसा उगवेल? सोहळ्याच्या नावातला ‘करमा’ म्हणजे तारा आणि ‘रिखी’ हे सरळसरळ ‘ऋषी’ दिसते. ऋषी म्हणजे अगस्त्य. शरदातले पाणी अगस्त्याच्या उदयाने निर्विष होते हे वाग्भटाने ऋतुचर्येत सांगितले आहे आणि त्या पाण्याला हंसोदक म्हटले आहे. ल्हासाच्या अक्षांशावर अगस्त्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम साडेसात अंश वर येतो आणि पहाटे प्रथम दिसतो तो सप्टेंबरच्या पूर्वार्धात, म्हणजे पुण्याच्या सुमारे महिनाभर नंतर. सोहळ्याची वेळ याच्याशी जुळते. पावसाळा सरून नद्यांचा गाळ खाली बसण्याचा काळही हाच.

पुढची हकीकत संस्थांची आहे. पाचव्या दलाई लामांचा कारभारी देसी सांग्ये ग्यात्सो याने ग्यूशीवर ‘नील वैडूर्य’ ही टीका लिहिली, वनस्पती, शरीर, उपचार दाखवणारी ७९ चित्रे काढवून घेतली, आणि १६९६ मध्ये ल्हासाच्या चागपोरी टेकडीवर वैद्यकशाळा उभी केली. शिकवण्यासाठी चित्रमालिका तयार करणारा हा गृहस्थ शिक्षकांनी लक्षात ठेवावा असाच. १९१६ मध्ये ल्हासात ‘मेन-त्सी-खांग’ ही दुसरी संस्था निघाली. १९५९ च्या उठावात चागपोरी तोफांखाली जमीनदोस्त झाली. १९६१ मध्ये निर्वासितांनी धरमशाळेला मेन-त्सी-खांग पुन्हा सुरू केली; दार्जिलिंगला चागपोरीच्या नावाने नवी शाळा १९९२ मध्ये आली. युरोपला ग्यूशीची ओळख त्याच्या कितीतरी आधी झाली होती : झंस्कारच्या मठांत थंडीने काकडत तिबेटी शिकलेल्या चोमा द कोरोश या हंगेरियन विद्वानाने १८३५ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा गोषवारा छापला.

भारताने २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सोवा रिग्पाला मान्यता दिली. २०१८ मध्ये चीनच्या प्रस्तावावरून युनेस्कोने लुम स्नानाची नोंद चीनमधल्या तिबेटी लोकांचा अमूर्त वारसा म्हणून केली. पुढच्याच वर्षी भारत सरकारने लेहला सोवा रिग्पाची राष्ट्रीय संस्था काढायला मंजुरी दिली. लडाख, सिक्कीम, भूतान, मंगोलिया, बुर्यातिया या साऱ्या मुलखात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. काश्मीरमार्गे गेलेला संस्कृत ग्रंथ, चिनी नाडीपरीक्षा, मंगोलांचा विस्तव आणि तिबेटी झुडपे यांच्या या मिश्रणावर एका देशाची पाटी लावणे मला तरी इतिहासाला धरून वाटत नाही, मग पाटी कोणत्याही देशाची असो.

या स्नानाने बरे वाटते का? वाटते, आणि त्यातला काही भाग समजण्यासारखा आहे. उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल होतात. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाचे वजन तरफेमुळे, नव्हे, आर्किमिडीजने सांगितलेल्या उत्प्लावनामुळे, सुमारे एकदशांश उरते. दुखऱ्या गुडघ्याला तेवढीही सुटी पुरते. पण याच कारणाने विमानातून थेट ल्हासाला उतरलेल्या प्रवाशाने पहिल्या दिवशी पिंपात शिरू नये. विरळ हवेने शरीर आधीच मेटाकुटीला आलेले असते, त्यात रक्तवाहिन्या रुंदावल्या की रक्तदाब उतरतो आणि उठताना भोवळ येते. ताप, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज हे करूच नये.

झुडपांचे श्रेय ठरवणे अवघड आहे. त्वचेचा बाहेरचा मृत थर पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक पदार्थांना आत येऊ देत नाही. तेलकट, लहान रेणूंना थोडी वाट मिळते, आणि सुगंधी तेले वाफेबरोबर नाकातून जातात. इफेड्रातल्या इफेड्रिनचा पोटात घेतल्यावर होणारा परिणाम परिचित आहे, पण पिंपात बसून त्यातले किती रक्तात उतरते हा मोजण्याचा प्रश्न आहे. खरा मुकाबला व्हायचा तर दोन पिंपे हवीत : तेवढेच पाणी, तेवढीच ऊब, तेवढाच वेळ, एकात पंचामृत आणि दुसऱ्यात काही नाही. बसणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला कोणते पिंप कोणते हे कळता कामा नये. नुसता रंग घालून दुसरे पाणी तपकिरी करता येईल. ज्युनिपरचा वास मात्र कसा लपवायचा, हे अजून कोणीतरी शोधून काढायला हवे.