उत्तरदायी राज्यपद्धतीचा प्रश्न : वायमार जर्मनी आणि निजामी राजवटीतील बीड (१९१९–१९३९)

१९१९ हे वर्ष दोन अत्यंत भिन्न प्रदेशांत घटनात्मक आरंभाचे ठरले. ऑगस्टमध्ये जर्मनीत वायमार येथे सिद्ध झालेली लोकसत्ताक घटना अमलात आली. त्याच वर्षी निजाम मीर उस्मान अली खान यांनी हैदराबाद संस्थानात कार्यकारी मंडळ स्थापून सर अली इमाम यांस त्याचे अध्यक्ष नेमले. बीड जिल्हा तेव्हा याच संस्थानात होता. ही तुलना मर्यादित अर्थानेच करता येते. तथापि राज्यकर्ते कोणास जबाबदार असावेत, हा प्रश्न दोहोंच्या मुळाशी होता.

जर्मन घटनेने प्रौढ स्त्रीपुरुषांस मताधिकार दिला व मंत्रिमंडळास संसदेच्या विश्वासाचे बंधन घातले. चलनाच्या भयंकर ऱ्हासातून सावरून त्या राज्याने १९२७ मध्ये बेकारी विम्याचा कायदाही केला. परंतु घटनेच्या ४८ व्या कलमाने अध्यक्षास आणीबाणीचे अधिकार दिले होते. १९३० पासून बहुमत नसलेली मंत्रिमंडळे त्या अधिकारांवर चालू लागली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच संसद निष्प्रभ झाली होती.

जर्मनीत जो अपवाद अखेरीस नियम बनला, तो हैदराबादेत प्रारंभापासूनच नियम होता. कार्यकारी मंडळ केवळ निजामास जबाबदार होते. सभांस पूर्वपरवानगी आवश्यक करणाऱ्या ‘गश्ती निशाण ५३’ ने सार्वजनिक जीवन जखडून टाकले होते. अशा स्थितीत लोकशिक्षणाचे कार्य शाळांना करावे लागले. मोमिनाबाद, म्हणजेच आजचे अंबाजोगाई, येथील योगेश्वरी नूतन विद्यालयाचे महत्त्व यातच आहे. १९३५ पासून स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे स्वामीजींनी शाळा सोडून राजकीय कार्यास वाहून घेतले.

सरकारनेही १९३७ मध्ये दिवाणबहादूर अरवमुदू अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली. परंतु सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर, तिची रीतसर स्थापना होण्यापूर्वीच, बंदी आली; ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला व डिसेंबरात स्थगित करण्यात आला. १९३९ च्या सुधारणांनी विधिमंडळात व्यवसायनिहाय प्रतिनिधित्व योजिले. मात्र कार्यकारी मंडळ त्यास जबाबदार केले नाही. या सुधारणांनुसार १९४६ मध्ये झालेल्या निवडणुकांवर स्टेट काँग्रेसने बहिष्कार घातला.

या चळवळीचा आरंभीचा पाया मुख्यतः शिक्षक, वकील व विद्यार्थी यांच्यापुरता होता, ही तिची उणीव नाकारता येत नाही. तरीही तिचे कार्य अल्प म्हणता येणार नाही. जर्मनीत हक्क लिखित होते, पण संकटकाळी त्यांचे रक्षण करील असे संघटित बळ अपुरे पडले. बीडसारख्या जिल्ह्यात लिखित हक्क नसताना ते बळ उभारण्याचा प्रयत्न झाला. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानी सत्ता संपली. १९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रौढ नागरिकांस मताधिकार लाभला, तेव्हा तो केवळ वरून आलेले दान नव्हता. त्याची पूर्वतयारी शाळेच्या वर्गांत आणि तुरुंगाच्या कोठड्यांत झाली होती.