ताबेदार यंत्राची कुळकथा

छत्तीसगडातल्या भिलाईजवळच्या हथखोजच्या औद्योगिक भागात ‘सर्व्हो’ म्हणजे काय असं विचारलं, तर उत्तर माणसागणिक बदलेल. जुना फिटर तेलाच्या पिंपाकडे बोट दाखवेल, कारण इंडियन ऑइलचं सर्व्हो वंगण १९७२ पासून बाजारात आहे. इलेक्ट्रिशियन भिंतीलगतच्या कपाटाएवढ्या स्टॅबिलायझरपाशी नेईल. आणि आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला मुलगा सांगेल, सर्व्हो म्हणजे मोटर.

शब्द जन्मला मात्र समुद्रावर. एकोणिसाव्या शतकात आगबोटी मोठ्या होत गेल्या, तसं त्यांचं सुकाणू माणसाच्या बळाला आवरेना. वादळात एकेका चाकाला कितीतरी खलाशी झोंबायचे. सुकाणू ढकलायला वाफ होती, पण हवं तिथे थांबायचं कसं, हे वाफेला कळत नव्हतं. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्यानं त्यावर युक्ती काढली. दांडी हलवली की झडप उघडते, वाफ दट्ट्याला ढकलते, आणि दट्ट्या सरकता सरकता जोडदांड्यांमधून तीच झडप मिटवत आणतो. दांडी जेवढी हलली तेवढंच सुकाणू वळतं आणि आपसूक थांबतं. १८७३ साली फार्कोनं यावर पुस्तक लिहिलं आणि यंत्राला ‘सर्व्हो-मोटर’ म्हटलं, म्हणजे ताबेदार इंजिन. मुळाशी लॅटिन ‘सेर्व्हुस’ आहे, त्याचा अर्थ गुलाम. शब्द कठोर आहे, पण त्यातली कल्पना फार सुंदर आहे. हा चाकर हुकूम पाळतोच, शिवाय आपण कुठवर आलो हे क्षणोक्षणी पडताळत राहतो. १९३४ साली अमेरिकेत एमआयटीच्या हॅरल्ड हेझन यांनी या पडताळणीचं शास्त्र मांडलं. दुसऱ्या महायुद्धात तोफा आणि रडार वळवायला तेच कामी आलं.

पत्र्याच्या कारखान्यात हा ताबेदार यायला मात्र बराच उशीर झाला.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला १९५५ च्या फेब्रुवारीत. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. पुढे या पोलादाच्या आसऱ्यानं लहानमोठे कारखाने उभे राहिले. हथखोज हा त्यातला जड उद्योगांचा भाग. पत्रा आणि प्लेट कापणं, ठोकणं, वाकवणं हा अशा शेडमधला रोजचा धंदा.

यातली जुनी पॉवर प्रेस जवळून पाहण्यासारखी असते. बाजूला जड फ्लायव्हील सतत गरगरत असतं. पायडल दाबलं की क्लचची चावी अडकते, फ्लायव्हीलचा साठलेला जोर क्रँकमध्ये उतरतो आणि पत्र्यावर आदळणारा रॅम धाडकन खाली येतो. चावी एकदा अडकली की फेरा पुरा झाल्याशिवाय सुटत नाही. मध्ये काय आहे, पत्रा की माणसाचं बोट, याची तिला दाद नसते. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कामगारांची बोटं सर्वांत जास्त तोडतं ते यंत्र म्हणजे पॉवर प्रेस, हे त्यातून वारंवार समोर आलं आहे. सर्व्होकडे वळण्याची चर्चा कारखानदार बहुधा उत्पादनाच्या आकड्यांपासून सुरू करतात. ती खरं तर या तुटलेल्या बोटांपासून सुरू व्हायला हवी.

सर्व्होकडे वळायचं म्हणजे फ्लायव्हील काढून टाकायचं, आणि मग त्याचा जोर एकट्या मोटरमध्ये असायला हवा. त्यासाठी दोन शोध लागले. जपानच्या मासातो सागावा यांनी १९८२ साली निओडिमियमचं अतिशय बलवान चुंबक बनवलं. आणि त्याच सुमारास, मद्रासच्या आयआयटीत शिकून अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये गेलेल्या बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी हा मोठा प्रवाह झटपट चालू-बंद करणारा अर्धवाहक स्विच प्रत्यक्षात आणला. या जोडीमुळे बलदंड मोटर बोटाच्या इशाऱ्यावर आली, आणि शतक पालटताना आयदा, कोमात्सु, अमिनो या जपानी कंपन्यांनी सर्व्हो प्रेस बाजारात उतरवल्या. अशा प्रेसचा रॅम पत्र्यापर्यंत झपाट्यानं येतो, टेकण्याआधी मंदावतो, खोल ओढकामात तळाशी क्षणभर दाबून धरतो आणि चटकन वर जातो. पत्रा फाटण्याचं प्रमाण घटतं, डाय म्हणजे खालचा साचा जास्त टिकतो, शेडमधला धडधडाटही उतरतो. यंत्रापुढच्या प्रकाशकिरणांच्या सुरक्षा-पडद्यात हात आला, तर मोटरच ब्रेकसारखी वागून रॅमला वाटेत रोखते.

वाकवण्याच्या कामात हा फरक आणखी बारीक दिसतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला साधारण १६ मिलिमीटर रुंदीची व्ही-डाय लावतात. पंच मिलिमीटरचा जेमतेम सातवा भाग जास्त उतरला, तरी कोन एका अंशानं बदलतो. शिवाय दाब सुटला की पत्रा थोडा परत उलगडतो. स्टेनलेस जास्त, साधं पोलाद कमी. नव्वदचा काटकोन हवा तर अठ्ठ्याऐंशीपर्यंत दाबायचं, हे मुरलेल्या कारागिराच्या हाताला ठाऊक असतं. प्रेस ब्रेक म्हणजे पत्रा वाकवणारं यंत्र; जुन्या हायड्रॉलिक प्रेस ब्रेकवर तेल तापून पातळ झालं की सकाळी बसवलेलं माप दुपारी सरकायचं, आणि छत्तीसगडातला मे महिना काय असतो हे वेगळं सांगायला नको. सर्व्हो यंत्रात मापपट्टी रॅमची जागा सतत कळवत राहते, त्यामुळे सकाळचा कोन दुपारीही तोच राहतो. तरी उलगडणाऱ्या पत्र्याचा अंदाज कोणीतरी आधी द्यावाच लागतो. म्हणून जुन्या कारागिराला बाजूला सारून नव्या मुलाला स्क्रीनपाशी बसवणं हा शुद्ध तोटा आहे. दोघांना एकत्र उभं करावं.

आणि सगळंच बदलायला हवं असंही नाही. निव्वळ विजेवर चालणारे प्रेस ब्रेक मुख्यतः पातळ पत्र्यावर शोभतात. जाड प्लेट वाकवणाऱ्यानं तेल सोडू नये. तिथे सर्व्हो-हायड्रॉलिकचा मधला मार्ग बरा. त्यात पंपाची मोटर गरज असेल तेव्हाच फिरते, जॉब बदलताना गप्प बसते, आणि दिवसभर तेल घुसळण्यात जाणारी वीज वाचते.

नवं यंत्र शेडमध्ये आलं की त्याच्या आधी जोडतात तो स्टॅबिलायझर, तोही सर्व्होच. विजेचा दाब घसरला की त्यातली लहानशी मोटर कार्बनचा ब्रश तांब्याच्या वेटोळ्यांवरून पुढे सरकवते आणि दाब जागेवर आला की थांबते. फार्कोच्या बोटीवरचा दट्ट्या असाच थांबायचा. पलीकडे नव्या प्रेसच्या गाइडना लावायला तेलाचं पिंप उघडलेलं असतं, आणि त्यावर तेच नाव.